नवीन मिळतं हो, दुकानात

...आणि वर ती बाई मला म्हणते, "हा डाग नाहीये राणी, हा त्याचा इतिहास आहे." आता तुम्हीच सांगा, टेबलाच्या मधोमध हा एवढा काळा गोल, कुणीतरी तापलेली कढई उचलून तशीच टेकवलेली, त्यावरून त्या घरात नवराबायकोचा अबोला झाला असणार, आणि त्याला ही म्हणते इतिहास. आपल्या घरात असा इतिहास घडला तर आपण काय करतो? घासतो ना? नाही निघाला तर वर मेणकापड टाकतो, त्याच्यावर फुलदाणी ठेवतो आणि गप्प बसतो. इथं त्या डागाचेच जादा पैसे. चिठ्ठी लावलीय, 'विंटेज'. आमच्या लहानपणी याला भंगार म्हणायचे, पण भंगार म्हटलं की गिऱ्हाईक फिरकत नाही, म्हणून हा शब्द काढलाय... शब्द तेवढा नवा, बाकी सगळं जुनं. अहो, नवीन मिळतं हो. दुकानात नवीन मिळतं.

तुम्हाला सांगते, मी ग्लिनिस. इंग्लंडातल्या ग्रिम्सबी बंदरात जन्मले, ग्रिम्सबीतच म्हातारी झाले. उमेदीची सगळी वर्षं माशांच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यासमोर उभं राहून घालवली, हॅडॉकचे तुकडे ब्रेडच्या चुऱ्यात लोळताना बघत, आणि एवढ्या आयुष्यात देवाकडे एकच गोष्ट मागितली, की बाबा रे, मला दुसऱ्याच्या बुडाखालचं काही देऊ नकोस. हसू नका. तुमच्या घरी पाउचर नव्हता म्हणून हसताय.

पाउचर म्हणजे आमच्या गल्लीतला, दोन दारं सोडून. गोदीमागच्या त्या गल्ल्या, घराला घर चिकटलेलं, आमचे वडील बोटीवर, तीन-तीन आठवडे समुद्रात, आणि आले की चार दिवसांत होतं नव्हतं ते संपवून परत समुद्रात. तर हा पाउचर अवाढव्य माणूस, गोदीत ओझी उचलायचा, आणि एके दिवशी फुटबॉलचे निकाल ऐकता ऐकता सोफ्यावर बसल्या जागी गेला. त्याच्या बायकोला तो सोफा डोळ्यांसमोर नको झाला. साहजिक आहे. पण म्हणून तो आमच्या डोळ्यांसमोर आणून ठेवायचा? वडिलांनी आणि काकांनी उचलून आणला, आई म्हणाली, किती भला माणूस होता. आणि सोफ्याच्या डाव्या बाजूला खड्डा. पाउचरचा खड्डा. त्यात बसलं की गुडघे हनुवटीला लागायचे. आम्ही पाच भावंडं, सगळी धावत जाऊन उजवी बाजू धरायची आणि मी सगळ्यात धाकटी... मला कायम खड्डा. आईला म्हटलं, मला यात थंडी वाजते गं. तर म्हणाली, "पाउचर गरीब होता, तुला काही करायचा नाही." यानं माझी भीती जाईल अशी तिची समजूत.

तेव्हाच ठरवलं, माझ्या घरात जे येईल ते कोरं येईल. लग्न झालं, रॉय गॅसच्या कामाला, मी कारखान्यात, पै-पै साठवून कोरा सोफा आणला, वरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलं नाही. दोन वर्षं नाही काढलं. रॉय बातम्या बघायला बसायचा तो हळूहळू घसरत घसरत हवामानाचा अंदाज येईपर्यंत जमिनीवर. काही बोलला नाही कधी. रॉय बोलतच नाही. पण तुम्हाला सांगते, रोज संध्याकाळी त्या प्लॅस्टिकवर हात फिरवला की माझा जीव कसा थंड व्हायचा.

आता या सगळ्यात माझी मुलगी लिऍन. एकुलती एक. तिला पाळण्यापासून बुटापर्यंत सगळं नवंकोरं दिलं, मागायच्या आधी दिलं. आणि ही पोरगी मोठी होऊन करते काय, तर ज्या गोदीमागच्या गल्लीतून आम्ही जीव घेऊन सुटलो, त्याच गल्लीत घर घेते. म्हणे, या घरांना काय सुंदर विटा आहेत. मी म्हटलं, बाई, त्या विटांतून पाणी येतं. ऐकेल तर शपथ. बरोबर तो जॅस्पर. जावई म्हणायचं की काय म्हणायचं ते अजून ठरलेलं नाही, कारण लग्न करायचं त्यांनी ठरवलेलं नाही, बाळ मात्र ठरवलं. दक्षिण इंग्लंडकडचा आहे, दाढी आहे, घरात खुर्च्या असताना जमिनीवर बसून जेवतो. असो. चांगला आहे. असो.

तर लिऍनला सातवा महिना, आणि मी मोठ्या दुकानात जाऊन बाळासाठी अख्खा संच बघून ठेवलेला... पांढराशुभ्र पाळणा, पांढरं कपाट, पांढरं खणांचं टेबल, प्रत्येक मुठीवर ससा. इतका गोड ससा. तिला घरी चहाला बोलावलं, दुकानाच्या पुस्तकातलं चित्र समोर ठेवलं. तिनं बघितलं, पान उलटलं, परत बघितलं, आणि म्हणाली, "आई, प्लीज, असलं नको. मला आत्मा असलेलं फर्निचर हवंय."

आत्मा. मी म्हटलं, अगं, आमच्या लहानपणी आमच्या सगळ्या फर्निचरमध्ये आत्मा होता. सोफ्यात तर नावानिशी होता.

तिला वाटलं मी तिची टर उडवतेय. आणि मग ती जे बोलली ना... ओरडून नाही, अगदी शांतपणे बोलली. म्हणाली, "आई, तुझ्या घरात सगळं नवीन होतं, पण मला कुठेच टेकायला भीती वाटायची. डाग पडेल, ओरखडा उठेल. मला माझ्या बाळाला तसं नाही ठेवायचं."

मी आत गेले आणि धुतलेले कप परत धुतले. ज्या भीतीपायी सगळं नवीन आणलं, तीच भीती पोरीला त्या नव्यात दिसली, हे कुणाला सांगणार, रॉयला? रॉयनं नुसती मान हलवली असती.

मग बरेच दिवस फोन नाही. मी केला नाही, तिनं केला नाही. आणि एका शुक्रवारी तिचाच आला. म्हणाली, उद्या बाबांची व्हॅन हवीय, बाळासाठी खणांचं जुनं कपाट बघायचंय, आणि... येशील का गं तूपण? आता तुम्ही म्हणाल, नाही म्हणायचं. कसं म्हणणार? ती आणि रॉय दोघंच गेली असती तर रॉयला कुणी कुत्र्याचं घरसुद्धा कपाट म्हणून विकलं असतं. म्हणून गेले. तेवढ्यासाठी गेले, दुसरं काही नाही.

तर ही चॅरिटीची दुकानं. आमच्या त्या रस्त्याला पूर्वी खाटीक होता, बेकरी होती, बटणांचं दुकान होतं, आता एकाला एक लागून सगळी चॅरिटीचीच. हृदयाच्या रोग्यांसाठी एक, मांजरांसाठी एक, निवृत्त खलाशांसाठी एक. लोकांनी घरातलं नको झालेलं फुकट आणून टाकायचं आणि यांनी ते विकायचं. आत शिरलं की तो वास... ओल्या छत्रीचा, कुणाच्या तरी आजोबांच्या कोटाचा आणि वर गुलाबाचा फवारा मारलेला, म्हणजे आजोबांना गुलाब वाहिल्यासारखं वाटतं. एकीकडे शाळेतल्या लाकडी खुर्च्या. लिऍन म्हणते, किती गोंडस. गोंडस? याच खुर्चीच्या खिळ्यानं माझे पायमोजे फाटायचे आणि आई फटके द्यायची. दुसरीकडे एक तरुण जोडपं, आजारी माणसाची असते ना ती खुर्ची, मधे भोक, खाली भांडं, ती दोघांत धरून निघालेलं. यात आम्ही शोभेचं झाड लावणार म्हणे. कुणीतरी त्यांना सांगायला हवं होतं, झाड लावायच्या आधी.

आणि प्रत्येक दुकानात लिऍन खण ओढून बघणार, आत हात घालणार, पाठीमागून वाकून बघणार, आणि मी मागून म्हणणार, लिऍन, नवीन मिळतं गं, दुकानात नवीन मिळतं, आणि ती ओठ मिटून पुढच्या दुकानात. असं करत करत शेवटचं दुकान आलं. गाढवांचं.

हो, गाढवांचं. म्हातारी झालेली, समुद्रकिनाऱ्यावर पोरांना पाठीवर घेऊन फिरून फिरून थकलेली गाढवं, त्यांच्या म्हातारपणाची सोय. मला विचाराल तर मासे कापून थकलेल्या बायकांसाठी असं एकही दुकान नाही, पण ते जाऊ दे. गल्ल्यावर मेव्हिस नावाची बाई, डागाला इतिहास म्हणणारी ती हीच. फुकट काम करते, म्हणजे पगार नाही, आणि पगार नसलेल्या माणसाचा रुबाब काय असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. लोकरीचं विणकाम हातात, चष्मा साखळीला, सगळ्यांना राणी आणि राजा म्हणणार आणि कुणालाही काहीही मिळू देणार नाही.

आम्ही आत शिरलो आणि तेवढ्यात मागच्या खोलीतून दोघांनी ते कपाट बाहेर आणून ठेवलं. बुटकं, रुंद, ओकचं, चार खण, काळ्या गोल मुठी. एक मूठ वेगळीच, कुणीतरी कधीतरी बदललेली. मला विचाराल तर अगदी सामान्य. पण लिऍनचा चेहरा... काय सांगू. ती लहान असताना बर्फ पडला की खिडकीशी जाऊन उभी राहायची, तशी उभी राहिली. वर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "आई, हेच."

किंमत विचारली. मेव्हिस म्हणाली, अजून लावली नाही राणी, किंमत टेनंटसाहेब लावतात आणि टेनंटसाहेब जेवायला गेलेत. थांबा. थांबलो. आणि थांबता थांबता लिऍनला लघवीला लागली. सातवा महिना, सांगून येते का? मेव्हिसला म्हटलं, बाई, हिला जरा आत जाऊ द्या. तर म्हणते, गिऱ्हाइकांना नाही जाता येत राणी, विमा नाहीये. विमा. माझी पोर तिथं पाय एकमेकांवर दाबून उभी आणि ही विम्याचं सांगतेय. शेवटी लिऍन म्हणाली, मी समोरच्या पबात जाऊन येते, तू यावर हात ठेवून उभी राहा, सोडू नकोस हं आई. आणि गेली. रॉय बाहेर व्हॅन घेऊन गोल गोल फिरत होता, कारण उभी केली की दंड. म्हणजे आत मी एकटी, आणि माझा हात कुणा अनोळखी माणसाच्या कपाटावर. जे मी जन्मभर टाळलं ते शेवटी हातानं धरून उभी.

आणि मग तो आला. विन्स. त्याला अख्खा रस्ता ओळखतो. या दुकानांतलं सगळं बरंसं उचलायचं, करडा रंग फासायचा आणि लंडनकडच्या लोकांना तिप्पट भावानं घालायचं, हा त्याचा धंदा. आला तो सरळ कपाटाकडेच. माझ्याकडे बघितलंही नाही, खण ओढला आणि त्यात नाक खुपसून हुंगला. हुंगला हो. मग सावकाश नाक बाहेर काढून म्हणाला,

"ताई, हे घेताय का तुम्ही?"

"घेतेय."

"आवडलंय?"

आता खोटं कसं बोलणार... "माझ्या मुलीला आवडलंय."

"कुठाय मुलगी?"

"येतेय."

तो थांबला. मेव्हिस विणतेय, टेनंटसाहेबांचा पत्ता नाही, लिऍनचा पत्ता नाही. नंतर कळलं, तिला तिथं चक्करच आली होती आणि पबवालीनं तिला बसवून चहा दिला होता, विमा न विचारता. पण मला तेव्हा काय कल्पना, माझा डोळा दाराकडे आणि हात कपाटावर. विन्सनं काय करावं, दुसऱ्या टोकाला आपलाही हात ठेवला. म्हणाला, आता माझाही हात आहे. मी म्हटलं, माझा आधीचा आहे. तो म्हणाला, ठीक आहे, बघू कोण आधी दमतं. माझे गुडघे, तुम्हाला माहितेय, कारखान्यातल्या ओल्या फरशीनं कामातून गेलेले. त्यालाही दिसलं असणार. थोड्या वेळानं जरा वाकला आणि अगदी गोडीत, घरच्यासारखा म्हणाला,

"ताई, मी चेहरा बघून माणूस ओळखतो. तुम्हाला या जुन्यापान्याचा तिटकारा आहे. कशाला जिवाला त्रास? पोरीला छानसं पांढरं घेऊन द्या. नवीन मिळतं हो. दुकानात नवीन मिळतं."

माझं वाक्य. शब्द न् शब्द माझा. आपला टूथब्रश दुसऱ्याच्या तोंडात दिसावा ना, तसं झालं मला. बोलला त्यात खोटं काहीच नव्हतं, सकाळपासून मी तेच बोलत होते, पण त्याच्या तोंडून आलं तेव्हा कळलं, की हे ऐकताना समोरच्याला वाटतं काय. वाटतं, की तुला काय हवंय ते मला ऐकायचंच नाहीये.

मी पर्स बगलेत मारली, दोन्ही हात मागे टेकले, आणि चढले. कपाटावर. कशी चढले ते विचारू नका, मला स्वतःला माहीत नाही, एका पायानं खालचा खण आत ढकलला गेला एवढं आठवतं. बसले वर. पाय लोंबकळतायत, अंगावर ठेवणीतला, रविवारचा स्कर्ट, आणि रस्त्यावरची माणसं काचेतून बघतायत.

मेव्हिसनं मान वर केली. "फर्निचरवर बसायची परवानगी नाहीये, राणी."

"मग फर्निचर कशासाठी असतं?" मी म्हटलं. जन्मात कधी म्हटलं नसेल असं वाक्य. दोन वर्षं सोफ्यावरचं प्लॅस्टिक न काढणारी बाई मी. रॉय तिथं नव्हता तेच बरं, नाहीतर त्यानंसुद्धा नक्की तोंड उघडलं असतं.

आणि तेवढ्यात टेनंटसाहेब आले, हातात अर्धा उरलेला सॉसेज रोल, मिशीत चुरा. बघितलं, मेव्हिसकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं. मेव्हिसनं सांगितलं, दोन गिऱ्हाइकं आहेत, एक उभं, एक बसलेलं. साहेबांनी कपाटाभोवती फेरी मारली, माझ्याभोवतीच मारली म्हणा ना, आणि किंमत सांगितली. मी हो म्हणेपर्यंत विन्स म्हणाला, दुप्पट देतो. टेनंटसाहेबांनी छताकडे बघितलं. म्हणाले, आम्ही लिलाव करत नाही... पण गाढवांचाही विचार करायला हवा. गाढवांचा. सॉसेज रोल खात खात.

मग मात्र मी बोलले. भांडायला गेले होते, पण आवाजच वेगळा निघाला, कुठून निघाला कोण जाणे. म्हटलं, "टेनंटसाहेब, माझी मुलगी समोरच्या पबात गेलीय, कारण तुमच्याकडे गर्भार बाईला संडास नाही. ते असू दे. पण या मुलीला मी जन्मभर सगळं नवंकोरं दिलं आणि ते तिनं कधी मागितलेलं नव्हतं. तिनं स्वतःच्या तोंडानं मागितलेली ही पहिली वस्तू आहे. ती तुमच्या या भिकार दुकानात निघाली त्याला माझा इलाज नाही. तुम्ही म्हणाल ती किंमत देते. पण मी उतरणार नाही."

बाहेरून रॉयची व्हॅन गेली, आणखी एक फेरी. आणि तुम्हाला खरं वाटणार नाही, विणकाम खाली ठेवलं ते मेव्हिसनं. म्हणाली, "विन्स राजा, बाई वर बसल्यायत. तू उचलून खाली ठेवणार आहेस का त्यांना?"

विन्सनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मनातल्या मनात वजनाचा अंदाज घेतला असणार, कारण धंदाच त्याचा तो. आणि हात काढून घेतला. मला राग नाही आला. थोडा आला.

लिऍन आत आली ती या वेळी. दारातच थांबली. "आई, तू काय करतेयस?"

"धरून ठेवलंय. तूच सांगितलंस ना, सोडू नकोस म्हणून."

ती आधी हसली आणि मग तिथंच रडायला लागली, हुंदके देऊन. मेव्हिसनं तिला आतून पाणी आणून दिलं, आणि म्हणाली, जायचं असेल तर जा गं आत, मी बघितलं नाही. आता जाऊन काय उपयोग? लिऍन डोळे पुसत मला म्हणाली, "आवडलं ना गं तुला?" मी म्हटलं, डोंबलाचं आवडलं, मला खाली उतरवा आधी. स्कर्ट त्या वेगळ्या मुठीत अडकलेला. एका हाताला टेनंटसाहेब, दुसऱ्या हाताला विन्स, मागून लिऍन स्कर्ट सोडवतेय, अशी माझी मिरवणूक उतरली. विन्स वर मला म्हणतो, "ताई, कधी कामधंदा हवा असेल तर सांगा."

संपलं असं वाटतंय ना तुम्हाला? मलाही वाटलं होतं. कपाट लिऍनच्या घरी नेलं. त्या गल्लीतली घरं, एवढासा जिना, मधेच वळण. मी जॅस्परला विचारलं, माप घेतलं होतंस का? तो म्हणतो, नजरेनं घेतलं होतं. नजरेनं. मग रॉय खाली, जॅस्पर वर, कपाट मधे. वरही जाईना, खालीही येईना. जॅस्पर श्वासावर लक्ष ठेवा म्हणत होता, रॉयला श्वासच घेता येत नव्हता. शेवटी खण काढले, ते वर गेले. नुसता सांगाडा तरी जाईल म्हणून परत ढकलला, तो नाहीच गेला. तर आता असं आहे, की खण वरच्या मजल्यावर, बाळाच्या खोलीत, एकावर एक रचलेले, आणि कपाट खालच्या खोलीत, दात पडलेल्या तोंडासारखं उघडं. ज्याच्यासाठी मी काचेत बसून गावाला दर्शन दिलं ते. जॅस्पर म्हणाला, असं खुलं छान दिसतंय, आणि त्यात पुस्तकं ठेवली. मी घरी आले आणि रॉयला म्हटलं, बघ, नवीन मिळतं, दुकानात नवीन मिळतं, माप लिहिलेलं असतं त्यावर. रॉयनं पाठीला मलम चोळून घेतलं.

आणि बाळ आलं लवकर. बरेच दिवस बाकी असताना आलं. मुलगा, एवढासा, ठणठणीत, देवाची कृपा. पण घरात पाळणा कुठाय? पाळणा कुणाच्या तरी आजीचा मागून आणलेला, त्याचा एक बोल्ट नाही, आणि जॅस्पर अंगणात बसून त्याला पॉलिशपेपर मारतोय. मी दुपारी मटणाचा पाय घेऊन गेले, ओव्हनमधला, कुरकुरीत, नाहीतर बाळंतिणीला हा नुसती पालेभाजी खायला घालेल, आणि वर गेले तर लिऍन खिडकीशी खाली बसलेली, समोर तो सगळ्यात मोठा खण, जमिनीवर, त्यात दुहेरी घोंगडी घट्ट घातलेली, आणि त्यात माझा नातू. झोपलेला. मुठी वर करून.

मी बोलायला तोंड उघडलं. माझा नातू खणात? सगळं तोंडाशी आलं होतं. पण काय आहे... मी कुणालाच सांगितलेलं नाहीये, रॉयलासुद्धा नाही, की माझ्या जन्माच्या वेळी घरात पाळणा नव्हता. चौघांनी तो मोडून टाकलेला. मला आईनं कपाटाच्या खालच्या खणात ठेवलेलं, कितीतरी दिवस. मावशी आली की म्हणायची, रडली तर खण लावून घे, आणि सगळे हसायचे. मी मोठी झाल्यावरसुद्धा हसायचे. मला ते कधी हसण्यासारखं वाटलं नाही.

त्या दुपारी लिऍनला सांगितलं. खणाचं सांगितलं, मग पाउचरचं सांगितलं, खड्ड्याचं, थंडीचं, सगळंच निघत गेलं. ती ऐकत राहिली. आत्मा-बित्मा काही बोलली नाही. एवढंच म्हणाली, "मला का नाही सांगितलंस गं कधी?" मी म्हटलं, तुला सगळं नवीन द्यायचं होतं ना, मग हे जुनं कशाला देऊ. तिनं माझा हात धरला आणि खणाच्या कडेवर ठेवला. गुळगुळीत होती कड. बरी होती.

तरी पण म्हटलं, खण जुना तर जुना, खाली गादी तरी नवी हवी, तेवढा माझा हक्क. पर्स घेतली, तडक त्या मोठ्या दुकानात. लखलखीत दिवे, कुठं वास नाही, सगळं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं, माझा जीव कसा थंड झाला. तिथल्या पोरीला सांगितलं, खणाच्या मापाची गादी हवी. ती म्हणाली, कशाच्या? म्हटलं, खणाच्या, कपाटाच्या खणाच्या, आमचं बाळ खणात झोपतं. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग इकडे तिकडे बघून माझ्या कोपराला धरलं, दोन पावलं बाजूला नेलं, आवाज अगदी खाली आणला आणि म्हणाली, "आजी, तसलं नवीन नाही हो मिळत. तुम्ही त्या गाढवांच्या दुकानात का नाही बघत? तिथं गरजू लोकांना सांभाळून घेतात."

...गेले. काय करता?